मी पाहिलेली हेराल्ड

ब्रिस्टल, सोमवार, ३ मार्च २०२५

चि. अपूर्व,

आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडता ठेवून देशील, म्हणून स्वातीला सांगितलंय की तूच फोड आणि त्याच्या चहाच्या कपाखाली सरकव. फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक केलंयस. दोन वर्षांत एवढा एकच रस्ता मोकळा राहिला.

विषय भांडणाचा नाही. काल रविवारचा स्वातीचा फोन आला, त्यात ती बोलून गेली की तू एक जुनी गाडी घेऊन स्वतःच्या हातानं उभी करायची म्हणतोयस. आणि कुठली घ्यावी यावर महिनाभर घरात दुसरा विषय नाही. "बाबा, इट्स वर्स दॅन अ‍ॅरेंज्ड मॅरेज," ती म्हणाली, "रोज नवीन फोटो, रोज नवीन खोट." सून म्हणून मला तिचा हाच गुण आवडतो.

आधी नाशिकला आणि मग इथे, मिळून चाळीस वर्षं मी विमानांचे सुटे भाग तपासले. तेव्हा न विचारता सल्ला देतो.

मिनी घेऊ नकोस. दिसायला गोड, पण इंजिनाच्या बाजूनं हात शिरत नाही, आणि तुझे पंजे माझ्यासारखे आहेत. एमजीबी देखणी आहे, तिचे पार्ट्सही सहज मिळतात, पण मागे कस्तुरीला धड बसता येणार नाही. आठ वर्षांच्या मुलीला घरी ठेवून गाडी मिरवणारा बाप तू नाहीस. राहिल्या मॉरिस मायनर आणि ट्रायम्फ हेराल्ड. मायनरचं इंजिन साधंसुधं, पण तिला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही. खालचा पत्रा गंजला की गाडीच कापावी लागते. पहिल्या खेपेला ते वेल्डिंग तुला जड जाईल. हेराल्डला खाली स्वतंत्र चासी आणि वर बोल्टांनी बसवलेली बॉडी. बोल्ट सोडव, बॉडी उचल, सगळं समोर उघडं. बॉनेट अख्खं पुढे उलटतं, टायरवर बसून काम कर. शिकायला याहून बरी गाडी मला माहीत नाही.

अट एकच. चासी शाबूत पाहिजे. सीट, वायरिंग, रंग, काहीही खराब असू दे, पण चासी नाही. आणि ती डोळ्यांनी पाहायला हवी, कारण चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना इथे दरवर्षीची एमओटी, म्हणजे सरकारी तपासणी, सक्तीची नाही. दुसरा कुणीही खाली वाकून बघणार नाही.

अक्षर मोठं आलंय ते पेन जाड आहे म्हणून.

बाबा


ब्रिस्टल, शनिवार, १५ मार्च

चि. अपूर्व,

स्वातीनं तुझा निरोप सांगितला. "त्यांना सांग, हेराल्डच घ्यायची हे मीपण ठरवलं होतं." म्हणजे माझ्या सल्ल्यामुळे नव्हे, हे मला कळवणं तुला महत्त्वाचं वाटलं. वाटू दे. मी तरीही दिवसभर घरात गुणगुणत होतो, आणि शेजारच्या मिल्काबाईंनी भिंतीपलीकडून विचारलं की काय झालं.

मिल्काबाई तुला आठवतात ना? माझगावच्या. पन्नास वर्षांपूर्वी इथे आल्या, नवरा गेल्यापासून एकट्याच असतात. तुझी आई गेल्यावर मला महिनाभर जेवू घातलं त्यांनी, आणि प्रत्येक घासाला सूचनाही दिल्या.

तुझा दुसरा निरोप जास्त मोलाचा होता. क्लीव्हडनला समुद्राजवळ एक १९६७ची हेराल्ड विकायला आहे, केंब्रिजहून तुला साडेतीन तास पडतात, तर "बाबांना जमलं तर बघून येतील का?" असं तू विचारलंस. जमलं तर म्हणे! पुढच्या शनिवारी जातो. मिल्काबाई गाडी चालवणार आहेत, माझ्या गाडीचा क्लच जरा कुरकुरतोय. मी शेजारी बसून नकाशा बघणार म्हटल्यावर त्या हसल्या. का हसल्या ते मी विचारलं नाही.

बाबा


ब्रिस्टल, सोमवार, २४ मार्च

चि. अपूर्व,

पाहिली. पास.

आता सविस्तर. मालक कॉलिन म्हणून एक निवृत्त शाळामास्तर आहे, सरळ माणूस. गाडी वीस वर्षं त्याच्याकडे आहे. पांढरी, आत लाल सीट, त्यातली ड्रायव्हरची फाटलेली. इंजिन दुसऱ्या फटक्यात सुरू झालं. गिअर मऊ पडतात. डाव्या दरवाजाखाली गंज आहे, पण तो पत्रा बोल्ट काढून बदलता येतो. चासीबद्दल कॉलिन म्हणाला, "आय हॅव नेव्हर लुक्ड अंडर देअर, टू बी ऑनेस्ट." म्हणून मी टॉर्च घेऊन खाली वाकलो आणि दोन्ही बाजू शेवटपर्यंत पाहिल्या. काळी, गुळगुळीत, भक्कम. मिल्काबाईंनी फोनवर पाचपन्नास फोटो काढले, बायकांना सवयच असते.

गाडी ट्रकवर घालून न्यायची गरज नाही. चालवत ने. कस्तुरीला मागे बसवून मोटरवेनं न्यायलाही हरकत नाही, मागच्या सीटला पट्टे आहेत. हे मी दीनानाथ, स्वतः पाहून लिहितो.

बाबा


ब्रिस्टल, सोमवार, ७ एप्रिल

चि. अपूर्व,

तू कॉलिनला गाडी घेतो म्हणून कळवलंस आणि शनिवारी, बारा तारखेला, ती न्यायला येणार आहेस असं स्वाती म्हणाली. कस्तुरी शाळेत सांगत फिरतेय म्हणे, की आजोबांनी गाडी पास केली.

मी पुन्हा विचार केला. हेराल्ड घेऊ नकोस. मायनरच बरी. तिचे क्लब गावोगाव आहेत, अडलंस तर सांगणारे भेटतील, आणि वेल्डिंगचं काय, शिकशील हळूहळू. शिवाय क्लीव्हडनची हवा खारी, समुद्राकाठच्या गाडीवर माझा मुळात विश्वास नाही. हे मी आधी लिहायला हवं होतं. घाई झाली.

कॉलिनला नाही म्हणून कळव. वाईट वाटेल त्याला, पण तो समजूतदार आहे. उगाच शनिवारचा फेरा मारू नकोस. आणि या बाबतीत मला प्रश्न विचारू नकोस, बापाचं एवढं एक ऐक.

बाबा


ब्रिस्टल, गुरुवार, १० एप्रिल, सकाळी

अपूर्व,

काल तुझा मेसेज आला. दोन वर्षांतला पहिला, सरळ माझ्या फोनवर. मिल्काबाईंनी वाचून दाखवला. "एकदा पास केलेलं परत नापास करायची तुमची सवय मला माहीत आहे. शनिवारी मी गाडी आणतोय. कस्तुरी बरोबर असेल." त्यांनी दोनदा वाचला, कारण मी दुसऱ्यांदा वाचायला सांगितला.

आता ऐक. हे पत्र स्पेशल डिलिव्हरीनं पाठवतोय, उद्या दुपारी एकच्या आत तुझ्या हातात पडेल. पडलं नाही, तर एक वाजता मिल्काबाई स्वातीला फोन करतील. आज सकाळी मीच तो फोन करून पाहिला. स्वाती म्हणाली, "बाबा, व्हॉट इज गोइंग ऑन? तो म्हणतोय रीझन दिलं तर ऐकीन." आणि मी कस्तुरीच्या पोहण्याच्या क्लासची चौकशी करून फोन ठेवला. म्हणून लिहितोय. कागदाला मी घाबरत नाही.

त्या गाडीची चासी सडलेली आहे. सोबत फोटो जोडलेत. मागच्या चाकापुढचा डाव्या बाजूचा भाग बघ. कुणीतरी केव्हातरी भोकात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वर लांबी भरली आणि डांबरी काळा रंग फासला. खालून लांबीचा तुकडा निघालाय, कागद बाहेर डोकावतोय. मागचं चाक ज्या भागावर तोललेलं असतं त्याच्या शेजारी. ती गाडी सत्तर मैलांच्या वेगानं मोटरवेवर कस्तुरीला मागे बसवून नेशील तर काय होईल ते तुला सांगायची गरज नाही.

फोटोवरची तारीख बघितलीस? २२ मार्च. म्हणजे मी 'पास' लिहिलं त्याच्या दोन दिवस आधीचे. म्हणूनच ते मी मिल्काबाईंना आजवर तुला पाठवू दिले नाहीत. गेल्या रविवारी मिल्काबाईंनी ते त्यांच्या टीव्हीवर मोठे करून लावले, मला कौतुकानं दाखवायला. मी म्हटलं, वा, छान. त्यांनी रिमोट खाली ठेवला. मग म्हणाल्या, "दीनानाथ, देअर इज अ होल. एवढं मोठं भोक. तुम्ही पोराला लिहिलं की बघितलं. व्हॉट डिड यू सी?"

मला काळं, गुळगुळीत काहीतरी दिसलं होतं. टॉर्चभोवतीचा उजेड दिसला होता. मध्ये जिथे नजर ठेवतो तिथे मला आता काही दिसत नाही, अपूर्व. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. कडेचं दिसतं, त्याच्या जोरावर चालतो, चहा करतो, लोकांना फसवतो. क्लच उत्तम आहे. पेनही नेहमीचंच आहे. मी टीव्हीच्या पार जवळ गेलो, मान वाकडी करून कडेच्या नजरेनं पाहिलं, तेव्हा भोक दिसलं. मग घरी येऊन तुला मायनरच्या क्लबांबद्दल लिहिलं. मिल्काबाईंनी तेव्हाच बजावलं की शुक्रवारी दुपारपर्यंत मी खरं कळवलं नाही तर त्या कळवतील. त्यांचं बरोबर आहे.

हे आजचं नाही. चार वर्षं झाली. आणि चार वर्षं म्हटलं की पुढचा हिशेब तू लावशीलच, तो तुझ्याआधी मीच मांडतो.

मे २०२३. कंपनीत आपली पाळी संपत आली होती, माल जायचा होता, विमानाच्या त्या ब्रॅकेटांची शेवटची तपासणी तुझ्याकडे होती. मी तपासणीचा हेड म्हणून तिथे आलो, ट्रे उचलला, एकेक दिव्याखाली धरला आणि म्हटलं, "मी बघितलंय, मार शिक्का." तू मारलास. त्यातल्या एकाला चीर होती. नशीब की ते विमानात बसण्याआधी सापडलं. चौकशीत मला विचारलं, अपूर्वच्या शिक्क्याआधी तुम्ही हे भाग पाहिले होते का? मी म्हटलं, नाही. आणि वर सुनावलं, की ज्याचा शिक्का त्यानं आपल्या डोळ्यांनी पाहायचं असतं, हे मी माझ्या मुलालाही शिकवलंय.

तू काहीच बोलला नाहीस. तुझी नोकरी गेली. मला चार महिन्यांनी निरोप समारंभ मिळाला, भाषणं मिळाली, आणि मी ती बसून ऐकली. ही शरम मी रोज बाळगली असं लिहिलं तर ते खोटं होईल. कित्येक दिवस मला स्वतःलाच पटलेलं असायचं की मी तो ट्रे नीट पाहिला होता, चीर नंतरची असेल.

आज पोस्टात दोन पाकिटं अजून टाकणार आहे. एक डीव्हीएलएला, इथल्या आरटीओला, माझं ड्रायव्हिंग लायसन्स आत घालून. दुसरं कंपनीच्या क्वालिटीच्या प्रमुखांना, वरचं सगळं इंग्रजीत. तुला विचारून पाठवत नाही, कारण तू नको म्हणशील आणि मी लगेच ऐकेन.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. क्लीव्हडनला जायचंच असेल तर एकटा जा. मोठा स्क्रूड्रायव्हर घेऊन जा आणि फोटोतल्या जागी जोर लावून खुपस. कस्तुरीला घरी ठेव. एवढीच भीक मागतो.

दीनानाथ


ब्रिस्टल, मंगळवार, ६ मे

चि. अपूर्व,

तोंडानं बोलायला गेलो की आपल्या दोघांचंही भलतंच काहीतरी होतं, हे या तीन आठवड्यांत दोनदा पाहिलं. म्हणून पुन्हा कागद.

त्या शनिवारी तू एकटा दारात उभा राहिलास. हातावर गंजाची तपकिरी भुकटी होती. ती मला दिसली नाही, हात हातात घेतल्यावर बोटांना कळली. "मुठीपर्यंत आत गेला," तू म्हणालास. स्क्रूड्रायव्हर. कॉलिन रडवेला झाला होता म्हणे. मग तू स्वयंपाकघरात बसलास, मी चहा केला, आणि तू जे सांगितलंस त्यासाठी माझी तयारी नव्हती.

"मला माहीत होतं," तू म्हणालास. "सहा महिने आधीपासून. गेजवरचे आकडे तुम्ही मला वाचायला लावायचात. पेन शोधताना बाकावर हात फिरवायचात. त्या दिवशी तुम्ही 'बघितलंय' म्हणालात तेव्हा मला माहीत होतं की तुम्हाला दिसलेलं नाही. मी फक्त ट्रे परत उचलायचा होता. पण सगळं वर्कशॉप बघत होतं, बाबा. तुम्ही पाहिलेला पीस तुमच्या तोंडासमोर परत दिव्याखाली धरायचा? आय कुडन्ट. नाही जमलं. म्हणून मारला शिक्का."

म्हणजे तू माझा मान राखलास, आणि ब्रॅकेट गेलं. आपल्या घरात वडिलांनी पाहिलेलं पुन्हा पाहायचं नसतं हे तुला मी शिकवलं होतं, आणि शिक्का मारणाऱ्यानं स्वतः पाहायचं असतं हेही मीच. दोन्ही एकदम पाळता येत नाहीत हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं.

पुढे तू म्हणालास, "शिक्क्याचा मला राग नव्हता. चूक माझीपण होती. पण चौकशीत तुम्ही सरळ माझ्याकडे बघून 'नाही' म्हणालात." त्यावर मी काय म्हटलं ते तुला आठवत असेल. मी म्हटलं, टेबलापलीकडे तुझं तोंड मला दिसतच नव्हतं. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि तो विषय तिथे संपला.

ते दुरुस्त करायला हे पत्र आहे. तुझं तोंड दिसत नव्हतं हे खरं. पण ते उत्तर नव्हतं. दिसलं असतं तरी मी 'नाही'च म्हणालो असतो. माझं नाव जाईल, निवृत्तीच्या आधी चार महिने लोक हसतील, या भीतीपायी तू तेव्हा मला नावाहून लहान वाटलास. तू मला माफ करणार असशील तर हे माहीत असताना कर. आंधळ्या म्हाताऱ्याला दया म्हणून नको.

कंपनीचं उत्तर आलंय. एकोणीस तारखेला बोलावलंय. तुझ्या नोंदीवरचा शेरा बदलू शकेल, असं लिहिलंय. वकील घेऊन या असंही सुचवलंय. मी एकटाच जाणार आहे.

आता कालचं. बँक हॉलिडे असूनही वेल्सच्या त्या बाईंनी आपल्याला त्यांची हेराल्ड दाखवली हा त्यांचा चांगुलपणा. तू माझ्या हातात छोटी हातोडी दिलीस आणि म्हणालास, "तुम्ही कानानं बघा." मी गुडघ्यांवर बसून दोन्ही बाजूंनी चासी ठोकत गेलो, हात फिरवत गेलो. आवाज सगळीकडे खणखणीत. कपडे झटकत उठलो आणि म्हटलं, "शाबूत."

तू जमिनीवर आडवा झालास, टॉर्च घेऊन गाडीखाली सरकलास आणि मी ठोकलेली प्रत्येक जागा पुन्हा पाहायला लागलास. मिल्काबाईंच्या देखत, मालकीणबाईंच्या देखत. वीस मिनिटं. कस्तुरीनं विचारलं, "आजोबानी बघितला ना? मग बाबा परत का बघते?" तू खालून म्हणालास, "कारण चालवणार मी आहे."

माझे कान तापले, अपूर्व. खरं सांगतो, एक क्षण वाटलं की काठी आपटून गाडीत जाऊन बसावं. मिल्काबाईंनी माझं कोपर घट्ट धरून ठेवलं होतं, त्या मला पुरत्या ओळखतात. मग तुझा आवाज आला.

"बाबा, इथे एक राहिलंय."

मी म्हटलं, दाखव. पुन्हा गुडघ्यांवर बसलो. तू माझं बोट धरून आत नेलंस, आडव्या पट्टीच्या वरच्या अंगाला, जिथे हातोडी पोचत नाही. बोटाचं टोक आत गेलं. नखाएवढं भोक, कडा भुसभुशीत. तू म्हणालास, एवढं वेल्डिंग मला जमेल, ही गाडी घेऊ या. पण मी बोट तसंच तिथे ठेवून बसलो, आणि तुला वाटलं की मला लागलं.

लागलं नव्हतं. मला एक वाक्य म्हणायचं होतं आणि ते उभ्या आयुष्यात कधी म्हटलं नसल्यामुळे जीभ वळत नव्हती. शेवटी वळली. सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हटलं, "हे माझ्याकडून सुटलं."

कुणी हसलं नाही. तू फक्त "हो" म्हणालास आणि खडूनं तिथे खूण केलीस. एकोणीस तारखेला मला तेच वाक्य दुसऱ्या खोलीत म्हणायचं आहे. आता ते येतं मला.

तुझा,
बाबा